न बघता वाढणारं जनावर: मोबाईलमधलं पिल्लू आपण झोपल्यावर नक्की करतं काय?

गेल्या रविवारी मामांकडं गेलेलो. करवीर तालुक्यातलं गाव, दारात चार म्हशी, सकाळ-संध्याकाळ डेअरीला दूध आणि दर दहा दिवसांनी बिल, असा सगळा कारभार. कट्ट्यावर बसून चहा घेता घेता मोबाईल काढला तर स्क्रीनवर आलं, "तुम्ही नसताना सर्जानं ५७,६०० नाणी कमावली!" सर्जा म्हणजे माझं गेममधलं पिल्लू, थोडं ड्रॅगनसारखं, थोडं घोरपडीसारखं. मामांनी वाकून बघितलं आणि विचारलं, काय हाय हे? म्हटलं मामा, गेम आहे, यात एक जनावर पाळायचं, खायला घालायचं, मोठं करायचं. "आणि तू नसताना कोण बघतंय त्याला?" म्हटलं कोणीच नाही, ते आपलं आपणच वाढतं. मामा जरा गप्प बसले, मग म्हणाले, "न बघता वाढणारं जनावर मी अजून बघितलं न्हाई."

खरं सांगतो, मला उत्तर देता आलं नाही. आणि त्यात ऑनलाइन गेमिंगचा नवीन कायदा आल्यापासून ऑफिसातला प्रत्येक जण विचारतोय की तुझी ती पिल्लाची गेम पण बंद होणार का रे. म्हणून म्हटलं एकदा बैठक मारून सगळं नीट लिहूनच काढावं, मामांना पण समजेल असं.

आधी हे सांगा, आयडल गेम म्हणजे काय

आयडल म्हणजे रिकामं, बसून असलेलं. ज्या गेममध्ये आपण हात न लावता पण आकडा वाढत राहतो ती आयडल गेम, एवढीच व्याख्या. आपण दिवसातून चार वेळा उघडायची, जमलेली नाणी गोळा करायची, पिल्लाला चारा घ्यायचा, गोठा मोठा करायचा, बंद करायची. बास.

पिल्लू पाळायची आयडिया जुनी आहे. नोव्हेंबर १९९६ मध्ये जपानच्या बांदाई कंपनीनं तामागोची काढलं, अंड्याच्या आकाराचं खेळणं, तीन बटणं, छोटा स्क्रीन, आत एक जीव. त्याला वेळेवर खायला घातलं नाही, घाण साफ केली नाही तर तो खरंच मरायचा, जपानी तामागोचीत तर भूत आणि थडगं दिसायचं. पोरं ते शाळेत घेऊन जायची कारण घरी ठेवलं तर मरेल ही भीती. इतकं वेड होतं की १९९७ चं अर्थशास्त्राचं इग नोबेल, म्हणजे ते गमतीचं नोबेल, तामागोचीच्या दोन निर्मात्यांना मिळालं, कारण काय तर लोकांचे कामाचे लाखो तास त्यांनी खोटी जनावरं पाळण्यात घालवले.

दुसरा धागा आकडे वाढवायच्या गेमचा. ऑगस्ट २०१३ मध्ये ज्युलियन थिएनो नावाच्या फ्रेंच प्रोग्रामरनं कुकी क्लिकर काढली, एक मोठं बिस्किट आणि त्यावर टकटक करायचं, नंतर टकटक करायला पण माणसं ठेवायची आणि आपण नुसतं बघायचं. हे दोन धागे एकत्र वळले की सर्जा तयार. फरक एवढाच की सर्जा मरत नाही. तामागोचीत जनावर मेलं की पोरगं रडायचं आणि बऱ्याचदा खेळणं कायमचं कपाटात जायचं, आत्ताच्या कंपन्यांना ते कसं परवडेल? त्यामुळं आताचं पिल्लू आठवडाभर उपाशी ठेवलं तरी फक्त तोंड पाडून बसतं.

मग रात्रभर ते करतं काय?

काहीच नाही. इथंच सगळी गंमत आहे.

लहानपणी आपण तासावर सायकल भाड्यानं घ्यायचो आठवतंय? दुकानदार वहीत लिहायचा, अमुक नंबरची सायकल, निघाली सव्वाचारला. मग आपण रंकाळ्याला चक्कर मारा नाहीतर चेन पडली म्हणून वाटेत बसा, तो काय मागं धावत यायचा नाही. परत आलो की घड्याळ बघायचा, वजाबाकी करायचा, पैसे सांगायचा. आयडल गेम डिट्टो हेच करते. तुम्ही गेम बंद केली की ती एक वेळ लिहून ठेवते, त्याला टाइमस्टॅम्प म्हणतात, म्हणजे नुसती वहीतली नोंद. रात्री ११ ला बंद केली, सकाळी ७ ला उघडली, मधे ८ तास म्हणजे २८,८०० सेकंद. सर्जा सेकंदाला २ नाणी कमावतो असं धरलं तर २८,८०० गुणिले २ बरोबर ५७,६००. हा गुणाकार तुम्ही गेम उघडल्यावर होतो, पापणी लवायच्या आत. रात्रभर सर्जा कुठं चरायला गेला नव्हता, मोबाईलमध्ये काही चालू नव्हतं, बॅटरी पण खाल्ली नाही. उघडल्यावर जे नाचतबिचत नाणी उडवतं ते फक्त दाखवायला.

यातूनच ती जुनी चलाखी निघाली, मोबाईलचं घड्याळ दोन दिवस पुढं करायचं आणि गेम उघडायची, नाणीच नाणी. (मी केलंय, खोटं कशाला बोलू. नंतर घड्याळ मागं करायला विसरलो आणि सोमवारी ऑफिसला बुधवार समजून गेलो.) म्हणून बऱ्याच गेम आता मोबाईलचं घड्याळ मानतच नाहीत, कंपनीच्या सर्व्हरला वेळ विचारतात, आणि म्हणूनच नेट नसलं की उघडायला कुरकुर करतात.

अजून एक गोष्ट म्हणजे मर्यादा. माझ्या गेममध्ये ८ तासांपर्यंतच नाणी साठतात, त्यापुढं दोन दिवस गेलं तरी तेवढीच. हे मामांना समजवायला लागेल असं वाटलेलं, पण तेच म्हणाले, "त्यात काय, कास भरली की भरली. आमची बारा तासांची, तुझी आठाची." म्हणजे धार काढायला वेळेवर यायलाच पाहिजे! अख्ख्या गेमचं डिझाइन त्या एका वाक्यात आलं. मर्यादा ठेवतात ती यासाठीच, की माणूस दिवसातून दोन-तीनदा तरी परत यावा. आणि ८ तासांचे १२ करायचे असतील तर? त्याचे पैसे पडतात.

पण "सर्जाला भूक लागलीय" असा मेसेज येतो की!

येतो, आणि बहुतेक वेळा तो कुणीच पाठवलेला नसतो. तुम्ही गेम बंद करता त्याच क्षणी ती मोबाईलला सांगून ठेवते की ८ तासांनी ही ओळ दाखव, गजर लावल्यासारखं. मधे तुम्ही गेम उघडली तर जुना गजर रद्द, नवीन चालू. काही गेम सर्व्हरवरून पण पाठवतात, तिथं तर एकदमच हजारो लोकांना एकच ओळ जाते, फक्त सर्जाच्या जागी ज्याच्या-त्याच्या जनावराचं नाव. म्हशीनं हंबरलं तर तिला खरंच काहीतरी पाहिजे असतं. इथं नोटिफिकेशन बंद केलं की भूक पण बंद. माझी सगळ्यात मोठी शिफारस कुठली असेल तर ही, सेटिंगमध्ये जाऊन ते एक बटण बंद करा आणि मग बघा गेम उघडावीशी वाटते का. वाटली तर खुशाल खेळा.

शंभर म्हशींनंतरची म्हैस पावणेबारा हजार कोटींची

आता जरा हिशोब, पण सोपा आहे, पळू नका. सुरुवातीला गेम कशी सुसाट पळते आणि दहा-बारा दिवसांनी कशी चिखलात रुतल्यासारखी होते हे खेळणाऱ्या सगळ्यांना माहितीये. याचं कारण किंमत ठरवायच्या पद्धतीत आहे. कुकी क्लिकरमध्ये एकच वस्तू परत घेतली की दर वेळी ती १५ टक्क्यांनी महाग होते. पहिला कर्सर, म्हणजे आपल्याऐवजी टकटक करणारा बाण, १५ बिस्किटांना. १५ टक्के म्हणजे काय, वाटतं चालतंय की.

हेच मामांच्या गोठ्याला लावून बघू. समजा पहिली म्हैस १ लाखाची, आणि नियम असा की पुढची प्रत्येक म्हैस आधीपेक्षा १५ टक्के महाग, दूध मात्र सगळ्या सारखंच देणार. दहा म्हशी दारात उभ्या राहिल्या की अकरावी ४ लाखांवर जाते. पन्नास झाल्या की पुढची १० कोटी ८४ लाख. आणि शंभर झाल्यावर पुढची एक म्हैस घ्यायची तर ११,७४३ कोटी रुपये. एका म्हशीला! आणि ती पण पहिलीएवढंच दूध देणार. मिळकत पायरी-पायरीनं चढते, किंमत मात्र चक्रवाढ व्याजानं, सावकाराच्या कर्जासारखी. त्यामुळं कुठंतरी दोन्हीची गाठ सुटणारच, आणि जिथं सुटते तिथंच बरोबर गेम विचारते, जाहिरात बघून दुप्पट करायचं का? तो योगायोग नसतो, तो कोपरा कंपनीनं मोजून-मापून तिथं ठेवलेला असतो.

तिथून सुटायचा फुकटचा रस्ता म्हणजे रीबर्थ. सगळं सोडून द्यायचं, पिल्लू परत अंड्यात, नाणी शून्य, पण बदल्यात कायमचा एक गुणक मिळतो, म्हणजे पुढच्या जन्मी कमाई तिप्पट वगैरे. पुण्य घेऊन परत जन्माला यायचं, आपल्याला हे वेगळं समजवायला नको. मग आधी दहा दिवस लागलेलं अंतर दोन दिवसात कापतं आणि माणसाला वाटतं काय वेग आलाय, जगात भारी, आणि तोपर्यंत पुढची भिंत आलेली असते.

आकडे पण असे होतात की वाचता येत नाहीत. आपल्या जुन्या मोजणीत कोटी, अब्ज, खर्व, निखर्व करत शेवट परार्धावर, म्हणजे एकावर १७ शून्यं. माझ्या गेममध्ये तिसऱ्या आठवड्यात परार्ध मागं पडला आणि तिथून नुसती एए, एबी, एसी अशी अक्षरं लागायला लागली. त्याला पण हद्द आहे, कॉम्प्युटर नेहमीच्या पद्धतीनं ज्या प्रकारे आकडा साठवतो त्यात साधारण एकावर ३०८ शून्यं एवढंच मावतं, त्यापुढं जायचं तर प्रोग्रामरला वेगळी युक्ती करायला लागते. आणि या अफाट आकड्यांचं करायचं काय तर पिल्लाच्या शेपटीला लाल रंग.

यात खेळ कुठाय? करायचं तर काहीच नाही

हा आक्षेप मामांचा, बायकोचा आणि माझा पण. २०१० मध्ये अमेरिकेतल्या इयन बोगोस्ट नावाच्या प्राध्यापकानं याच आक्षेपाची गेम काढली होती. तेव्हा फेसबुकवर फार्मविल ही शेती करायची गेम जोरात होती, तिची टर उडवायला त्यानं काऊ क्लिकर बनवली. एक गाय, तिच्यावर क्लिक करायचं, मग ६ तास थांबायचं, परत क्लिक. संपली गेम. त्याला वाटलं लोक हसतील आणि शहाणे होतील. लोक खेळायला लागले की हो! हजारोंनी. शेवटी वैतागून त्यानं सप्टेंबर २०११ मध्ये सगळ्या गाई गायब केल्या, नुसती रिकामी जागा ठेवली. तरी काही लोक त्या रिकाम्या जागेवर क्लिक करायला येतच राहिले.

मला या लोकांवर हसावं वाटत नाही. गंगावेशीत दुधाच्या कट्ट्यावर उभं राहून म्हशीचं धारोष्ण दूध पिणारे जुने लोक बघा, दूध घरी पण मिळतंय की त्यांना. यायचं, दोन मिनिटं टेकायचं, कोण आलं कोण नाही बघायचं, जायचं. आयडल गेमचं बलस्थान तेच आहे, की ती तुमच्याकडून डोकं मागत नाही. बसची वाट बघताना, मिसळीच्या टेबलाला नंबर लागेपर्यंत, एक काम झालं आणि आकडा वाढला एवढं समाधान देते. दिवसभर आपण जे करतो त्यातलं किती डोळ्यादेखत वाढलेलं दिसतं? ऊस पण अठरा महिने घेतोय.

फुकट आहे तर मग पैसे कुणाला मिळतात?

दोन रस्ते. एक जाहिरात. तुम्ही आपणहून "३० सेकंद बघतो, दुप्पट दे" म्हणता, जाहिरातवाला कंपनीला त्याचे थोडे पैसे देतो. एका बघण्याचे चिल्लरच, पण लाखो लोक दिवसात पाच-पाच वेळा बघतात, आणि जाहिरात बहुतेक वेळा दुसऱ्या गेमचीच असते, म्हणजे एका गोठ्यातलं गिऱ्हाईक दुसऱ्या गोठ्याला विकणं.

दुसरा रस्ता रत्नांचा, म्हणजे ते जेम. नाणी फुकट मिळतात, रत्नं रुपयानं घ्यायची. सरळ रुपयात किंमत का लावत नाहीत? यात्रेत पाळण्यात बसायला आधी कूपन घ्यायला लावतात तसंच. कूपन हातात आलं की ते पैसे वाटत नाहीत. शिवाय पॅक असा असतो की ५०० रत्नं घ्यायची आणि पाहिजे ती वस्तू ४२० ची, उरलेल्या ८० मध्ये काहीच येत नाही, मग परत पॅक. बहुतेक खेळणारे एक रुपया देत नाहीत, थोडे लोक भरपूर देतात, आणि कंपनीच्या रत्नांच्या गल्ल्यात मोठा वाटा त्या थोड्यांचा असतो.

अंडं फोडायचा नाद

पैसे सगळ्यात जास्त जातात ते इथं. अंडं विकत घ्यायचं, आतून कुठलं पिल्लू निघेल माहीत नाही. याला गाचा म्हणतात, जपानमधल्या दांडा फिरवून गोळा पडणाऱ्या खेळण्यांच्या मशीनवरून. आपल्याकडं शाळेजवळच्या दुकानात पुठ्ठ्यावर चिठ्ठ्या चिकटवलेल्या असायच्या, रुपया द्यायचा, एक फाडायची, आत नंबर निघाला तर बक्षीस, नाहीतर गोळी. तेच हे, फक्त पुठ्ठ्यावरच्या चिठ्ठ्या कधीतरी संपायच्या आणि मोठं बक्षीस कुणालातरी मिळायचंच. इथं पुठ्ठा संपत नाही.

गेममध्ये लिहिलेलं असतं, सोनेरी पिल्लाची शक्यता १ टक्का. आपण काय समजतो, १०० अंडी फोडली की एक नक्की. चूक! प्रत्येक अंडं नव्यानं सुरुवात करतं, आधीची ९९ वाया गेली हे त्याला माहीतच नसतं. हिशोब केला तर १०० जणांनी प्रत्येकी १०० अंडी फोडली तरी त्यातल्या साधारण ३७ जणांच्या हाताला सोनेरी पिल्लू लागत नाही. नाद का लागतो याचं उत्तर स्किनर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं कबुतरांवर प्रयोग करून कधीच देऊन ठेवलंय, दर वेळी दाणा मिळाला तर कबूतर निवांत चोच मारतं, कधी मिळेल ते कळत नसलं की मारतच सुटतं. बेल्जियमनं २०१८ मध्ये पैसे देऊन घ्यायच्या, आत काय निघेल माहीत नसलेल्या असल्या गेममधल्या पेट्यांना जुगार ठरवलं.

मग नव्या कायद्यानं माझा सर्जा बंद होणार का?

नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा कायदा मंजूर केला, २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची सही झाली. त्यात बंदी आहे ती पैसे लावून पैसे जिंकायच्या आशेनं खेळायच्या गेमवर, मग ते नशिबावर असो की कौशल्यावर. ई-स्पोर्ट्स आणि नुसत्या करमणुकीच्या गेम वेगळ्या काढल्यात. सर्जावर मी पैसे घालवू शकतो, कमवू शकत नाही, म्हणून तो करमणुकीच्या बाजूला.

पण एक खूणगाठ बांधा. "पिल्लू पाळा आणि रोज कमाई थेट खात्यात" असं कुणी म्हणालं की सावध. अॅक्सी इन्फिनिटी नावाची व्हिएतनामी कंपनीची गेम होती, जनावरं विकत घ्यायची, लढवायची आणि मिळालेली क्रिप्टो नाणी विकायची. कोविडच्या काळात फिलिपिन्समध्ये लोकांनी त्यावर घर चालवलं. नंतर नाण्याचा भाव कोसळला, आणि मार्च २०२२ मध्ये तिच्या नेटवर्कवरून ६० कोटी डॉलरच्या वर रक्कम हॅकर घेऊन गेले.

पोरांच्या हातात द्यावी का

माझी भाची नऊ वर्षांची. ताईच्या मोबाईलवर तिनं ७९९ ची अंडी फोडली. विचारलं तर म्हणते, "मी नुसतं बघायला गेलो आणि ते आपोआप झालं." (कोल्हापूरची पोरगी, 'गेलो'च म्हणणार.) आणि ते खोटं पण नाही, कारण ताईनं पासवर्ड एकदाच टाकून ठेवलेला, नंतर बटण दाबलं की पैसे कट. अर्ज केल्यावर परत मिळाले, पण दर वेळी मिळतीलच असं नाही. प्ले स्टोअरमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड मागायचं सेटिंग असतं, आयफोनमध्ये पोरानं मागितलं की आईबापाला विचारणारं असतं, हे आजच्या आज करून टाका. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्यांची माहिती घ्यायला पालकांची संमती लागते हे पण आहे, पण गेम वय विचारते आणि पोरगं १९९० टाकतं, त्यामुळं कायद्यावर बसू नका.

व्यसनाचं म्हणाल तर जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत गेमिंग डिसऑर्डर आहे, १ जानेवारी २०२२ पासून लागू. पण ते तासावर नाही ठरत. ताबा सुटला, बाकी सगळं मागं पडलं, नुकसान होतंय हे दिसून पण थांबता येत नाही आणि हे साधारण वर्षभर चाललंय, असं असेल तर डॉक्टर. दिवसातून चार वेळा सर्जाला चारा घालणारा त्यात बसत नाही, रात्री गजर लावून उठणारा कदाचित बसेल.

तर हे सगळं परवा मामांना फोनवर सांगितलं, वजाबाकी, कास, पावणेबारा हजार कोटींची म्हैस, सगळं. मामांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग एकच विचारलं.

"इकायला काढलास तर किती येतील?"

म्हटलं काहीच नाही मामा, शून्य.

"आणि वैरणीला किती घातलास आत्तापतूर?"

म्हटलं ते पण शून्य.

"मग हिशोब बरोबर हाय," म्हणाले, "ठेव फोन, धारेची वेळ झाली."